एक सामना हरला की वर्ष संपलं? शाळांना फुटबॉलची लीग हवी

शिक्षक मित्रांनो, जिल्हास्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धेला तुम्ही कधी संघ नेला असेल, तर एक साधा हिशेब करून बघा. 16 संघ आले आणि बाद पद्धतीने खेळले, तर एकूण 15 सामने होतात. पहिल्याच फेरीत 8 संघ बाहेर. म्हणजे निम्म्या पोरांचं वर्षभराचं फुटबॉल एका सामन्यात आटोपतं! सकाळी गाडी करून गेले, दुपारी डबा खाल्ला, संध्याकाळी घरी. पुढचा सामना? पुढच्या वर्षी. तोवर दहावीची पोरं शाळा सोडून गेलेली असतात.

माझं मत स्पष्ट आहे. लहान गावच्या मुलांना मोठ्या चषकापेक्षा छोट्या लीगची गरज जास्त आहे.

लीग मुळात निघाली कशासाठी, हे बघा. इंग्लंडमध्ये चषकाचे सामने होते, मैत्रीपूर्ण सामनेही होते. पण ते ऐनवेळी रद्द व्हायचे, आणि चषकातून बाहेर पडलेल्या क्लबला पुढे काय खेळायचं हेच ठाऊक नसायचं. विल्यम मॅकग्रेगर हा ॲस्टन व्हिला क्लबचा पदाधिकारी, धंद्याने कापड दुकानदार. त्याने पुढाकार घेतला आणि 1888 साली 12 क्लबांची लीग सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे हंगामात 22 सामने पक्के. हरा की जिंका, पुढचा सामना ठरलेला. दुकानदाराचं डोकं बघा, त्याला रोजचं गिऱ्हाईक हवं होतं, वर्षातून एकदा भरणारी जत्रा नको होती.

आपल्याकडे हे कोल्हापूरला कळलं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण पेठेतली पोरं तिथूनच फुटबॉलकडे वळली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर भरते आणि गॅलरी गच्च भरलेली असते. पेठापेठांतली ईर्षा कधी कधी हाणामारीवर जाते, हेही खरं. ते काही आपण घ्यायचं नाही. घ्यायचं ते एवढंच की, तिथल्या पोराला हंगाम कधी येणार हे माहीत असतं, म्हणून तो आधीपासून सराव करतो. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

त्या विश्वचषकाचंच उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. 6 ऑक्टोबर 2017 ला आपण अमेरिकेकडून 3-0 ने हरलो. बाद पद्धत असती तर खेळ खल्लास. पण गटातले सामने लीगसारखे होते, म्हणून 9 तारखेला आपण कोलंबियाशी पुन्हा मैदानात उतरलो आणि जॅक्सन सिंगने गोल केला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. सामना आपण 2-1 ने हरलो, तरी गोल तर झाला ना? हरल्यावर मिळालेल्या दुसऱ्या सामन्यात झाला.

त्याच वर्षी 15 सप्टेंबरला राज्यभर 10 लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असा सरकारी उपक्रम झाला होता, आठवतं? शाळांना चेंडू मिळाले, फोटो निघाले. उपक्रम चांगलाच होता. पण एका दिवसाने खेळाडू घडत नाही, जसं एका दिवसाच्या वाचनाने वाचक घडत नाही.

आता आपल्याकडे या. वरठीला रेल्वे स्टेशन आहे (नाव भंडारा रोड असलं तरी गाव वरठीच), सनफ्लॅगचा कारखाना आहे. भंडारा, वरठी, मोहाडी, तुमसर एकाच रस्त्यावर. दिवाळीनंतर धान निघालं की कितीतरी बांध्या मोकळ्या होतात. बांबूचे गोलपोस्ट आणि चुन्याची फक्की, एवढ्यावर भागतं. 8 शाळा एकत्र आल्या तर 28 सामने होतात, प्रत्येक संघाला 7. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी चार सामने घेतले तर सात शनिवारांत हंगाम पूर्ण. परीक्षेला धक्का नाही. मुलींची लीग त्याच दिवशी, त्याच मैदानावर घ्या, "नंतर बघू" म्हणू नका. नंतर कोणी बघत नाही.

"अभ्यासाचं काय?" असं पालक विचारतीलच. गुणतक्ता वर्गातल्या फळ्यावर लावा. जिंकल्यास 3 गुण, बरोबरी 1, हरल्यास 0. केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करा. 4 गोल केले, 9 खाल्ले, तर फरक उणे 5. सहावीला पूर्णांक संख्या शिकवताना ऋण संख्या डोक्यावरून जाते ना? स्वतःच्या संघाचं उणे 5 कोणतंही पोरगं विसरत नाही.

वेळापत्रक मुलांकडूनच करून घ्या. आठ संघांच्या चिठ्ठ्या चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर मांडा. समोरासमोरच्या जोड्या म्हणजे पहिला शनिवार. मग एक चिठ्ठी जागेवर ठेवून बाकीच्या सात एकेक घर पुढे सरकवा, की दुसरा शनिवार. सात वेळा केलं की सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते. सातवीची पोरं अर्ध्या तासात करतील, तुम्ही फक्त चिठ्ठ्या द्या.