विश्लेषण : एका रानमेंढ्यासाठी वीस वर्षांची रांग! अमेरिकेतील ‘शीप हंटिंग’मध्ये नवख्यांना शिरकाव इतका अवघड का?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत स्थानिक रहिवाशाला हरणाच्या शिकारीचा परवाना दुकानात उभ्या उभ्या मिळतो. डोंगरातल्या रानमेंढ्याचा परवाना मात्र अनेकांना आयुष्यभर मिळत नाही. तरीही दरवर्षी हजारो नवे लोक या रांगेत येऊन उभे राहतात. ही रांग नेमकी कशी चालते, पैसेवाले ती कशी ओलांडतात आणि मेंढ्यांना यातून काय मिळते, हे समजून घेण्याजोगे आहे.

रानमेंढा म्हणजे नेमका कोणता प्राणी?

उत्तर अमेरिकेत रानमेंढ्यांच्या दोन प्रजाती आहेत. एक बिगहॉर्न. ती रॉकी पर्वतरांगेत आढळते आणि तिचाच एक प्रकार नैऋत्येकडील वाळवंटी डोंगरांत राहतो. दुसरी पातळ शिंगांची. तिच्यातील पांढरा ‘डॉल’ अलास्का, युकॉन या भागांत, तर करड्या रंगाचा ‘स्टोन’ ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात दिसतो. शिकाऱ्यांच्या लेखी हे चार प्रकार. चारही मिळवले की ‘ग्रँड स्लॅम’ पूर्ण झाला, असे मानतात. बिगहॉर्न नराच्या शिंगांचेच वजन १४ किलोपर्यंत जाते. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, मेंढ्याची गळत नाहीत. ती वर्षागणिक वाढत, वळत जातात. या साऱ्या वेडाचे मूळ त्या शिंगांत आहे.

सुरुवात बंदुकीपासून का होत नाही?

कारण बंदूक सहज मिळते, ‘टॅग’ मिळत नाही. टॅग म्हणजे एका ठरावीक भागात एक मेंढा मारण्याची सरकारी परवानगी. युरोपातील अनेक देशांत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला असतो. अमेरिकेत वन्यप्राणी जनतेचे आणि राज्य त्यांचे विश्वस्त, असे तत्त्व आहे. त्यामुळे मोजके टॅग सोडतीने वाटले जातात. म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षे अर्ज भरणाऱ्यांना ही तऱ्हा लगेच कळेल.

फरक एवढाच, की इथे हुकलेल्या अर्जालाही किंमत असते. नंबर लागला नाही तर अनेक राज्ये एक गुण देतात. वायोमिंगमध्ये बहुतांश टॅग सर्वाधिक गुण असलेल्यांना आधी मिळतात. नेवाडात गुणांचा वर्ग केला जातो, म्हणजे दहा गुण असतील तर शंभर चिठ्ठ्या आणि त्या वर्षीच्या अर्जाची आणखी एक. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत मात्र गुणच नाहीत. तिथे दरवर्षी पाटी कोरी.

वायोमिंगसारखी रांग दिसायला न्याय्य वाटते, पण ती नवख्यांवर अन्याय करणारी आहे. टॅग वाढत नाहीत, रांगेतले लोक वाढत राहतात. मागच्याने कितीही वर्षे अर्ज भरला तरी पुढचाही तितकाच पुढे सरकतो. वयाच्या चाळिशीत पहिला अर्ज भरणाऱ्याचा क्रमांक लागेपर्यंत त्याचे गुडघे डोंगर चढण्याच्या स्थितीत असतील का, हा प्रश्नच आहे. त्यातून बाहेरच्या राज्यातील अर्जदारांसाठी अनेक ठिकाणी जेमतेम दहा टक्के वाटा असतो. काही गुण विचारात घेऊन, पण अखेर चिठ्ठी टाकूनच निर्णय करणारी पद्धत त्यामानाने बरी. निदान पहिल्या वर्षीही आशा शिल्लक राहते.

रांग टाळण्याचे मार्ग आहेत का?

आहेत. सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे अलास्कात राहायला जाणे. बारा महिने वास्तव्य झाले की राज्याच्या बऱ्याच भागांत रहिवाशाला डॉलच्या शिकारीसाठी सोडतीची गरज पडत नाही. बाहेरच्यांना मात्र परवानाधारक गाइड सोबत घ्यावा लागतो किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक. गाइडसह शिकारीचा खर्च वीस हजार डॉलरच्या वर जातो. स्टोन मेंढ्यासाठी पन्नास हजारही अपुरे पडतात.

दुसरा मार्ग मोंटानातला. यलोस्टोनलगतच्या उंच डोंगरांत काही विभाग ‘अनलिमिटेड’ म्हणून ओळखले जातात. परवाना मागेल त्याला मिळतो, पण ठरलेले मोजके नर मारले गेले की तो विभाग बंद होतो. मेंढे इतके कमी आणि चढण इतकी बिकट, की बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. तरीही नवख्याला हे डोंगर जेवढे शिकवतात, तेवढे महागडा गाइड शिकवत नाही. तंबू, अन्न, पाणी, सारे पाठीवर. आणि शिकार मिळालीच तर मांसही पाठीवरूनच खाली आणायचे.

तिसरा मार्ग पैशाचा. बहुतेक राज्ये एखाद-दुसरा टॅग लिलावात काढतात. मोंटानाचा असा एक टॅग २०१३ मध्ये ४ लाख ८० हजार डॉलरला गेला, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच कोटींहून अधिक रुपयांना. प्राणी जनतेचा असेल तर तो श्रीमंताला विकायचा कसा, हा आक्षेप चुकीचा नाही. पण लिलावाचा पैसा मेंढ्यांच्याच कामी लावला जातो. त्यांना जुन्या डोंगरांत पुन्हा नेऊन सोडणे, वाळवंटात पाणवठे बांधणे, आजारांची तपासणी करणे यासाठी सरकारी अंदाजपत्रकात सहसा मोठी रक्कम नसते. एक-दोन टॅगांपुरता हा सौदा समर्थनीय आहे. मात्र त्याचे प्रमाण वाढू लागले, तर सोडतीला अर्थ उरणार नाही.

नर मारण्याजोगा आहे, हे कसे ओळखतात?

नवख्याची खरी परीक्षा इथे असते. अलास्काच्या बऱ्याच भागांत केवळ ‘फुल कर्ल’ नर मारता येतो. बाजूने पाहिले असता शिंगाने पूर्ण वेढा घेतलेला असावा, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली असावीत, किंवा वय किमान आठ वर्षे असावे. वय शिंगावरील वार्षिक कड्यांवरून मोजतात. हिवाळ्यात वाढ थांबते तिथे खाच पडते. पण काही खाचा फसव्या असतात, आणि पहिल्या वर्षीचे कडे अनेकदा झिजून दिसेनासे होते. हे सारे दूरच्या कड्यावर उभ्या असलेल्या, मान हलवणाऱ्या प्राण्याकडे दुर्बिणीतून पाहत ठरवायचे.

चूक झाली तर शिंगे जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो. नियमात बसणाऱ्या नराची शिंगेही वन्यजीव खात्याकडे नेऊन त्यांवर शिक्कामोर्तब करून घ्यावे लागते. मांस डोंगरात टाकून येणे गुन्हा आहे. केवळ शिंगे घेऊन परतणाऱ्या शिकाऱ्याची आपल्याकडची प्रतिमा त्या कायद्यात बसत नाही.

म्हातारे नर मारल्याने कळपाचे नुकसान होत नाही, असा शिकाऱ्यांचा दावा असतो. तो पूर्ण खरा नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन येथील कळपाचा सुमारे तीस वर्षांचा अभ्यास २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची शिंगे लवकर वाढत, ते नर तरुणपणीच, प्रजननाचा भर येण्याआधीच मारले जात होते. परिणामी कळपातील शिंगांचा आकार पिढ्यांगणिक घटत गेला. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण एक गोष्ट त्यातून दिसली : नियम केवळ शिंगांच्या लांबीवर बेतला, वयावर नाही, तर जोमाने वाढणाऱ्यालाच शिक्षा होते. ‘आठ वर्षे’ ही अट म्हणूनच महत्त्वाची.

मोठ्या शिंगांचा हव्यास कुठवर जातो, याचा मासला २०२४ मध्ये दिसला. मध्य आशियातील महाकाय मार्को पोलो मेंढ्याच्या ऊती चोरून आणून, त्याचा क्लोन करून संकरित मेंढे तयार करणाऱ्या मोंटानातील एका पशुपालकाला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. खासगी कुंपणातील शिकारीसाठी हा उद्योग चालला होता.

मेंढ्यांचा खरा शत्रू कोण?

सोडतीने दिलेल्या मोजक्या टॅगांमुळे आज बिगहॉर्न संपत नाही. त्याला मारतो न्यूमोनिया. पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या नाकात सहज राहणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू रानमेंढ्यांत शिरला, की कळपच्या कळप कोसळतात. वाचलेल्या काही मेंढ्या रोगवाहक ठरतात आणि पुढे कित्येक वर्षे कोकरे दगावत राहतात. २००९-१० च्या हिवाळ्यात मोंटानासह अनेक राज्यांत अशी साथ आली होती. त्याच वर्षी, २०१० मध्ये, आयडाहोतील पेएट राष्ट्रीय वनाने पाळीव मेंढ्यांची चराई सुमारे ७० टक्क्यांनी घटवण्याचा निर्णय घेतला. मेंढपाळांनी तो न्यायालयात नेला, निर्णय टिकला. पण ज्यांच्या पिढ्या त्या कुरणांवर गेल्या, त्यांची किंमत मोजून हे झाले, हे विसरता येत नाही. अलास्कातील डॉलची अडचण वेगळी आहे. तिथे कठोर हिवाळ्यांनी संख्या घटवली.

मराठी वाचकाचा याच्याशी संबंध काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच उरला नाही. लडाखमधील शापू आणि न्यान हे रानमेंढे संरक्षित आहेत. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्यांना मात्र एक बाब ठाऊक असावी. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याने बंदूक बाळगणे तिथल्या संघराज्य कायद्यानुसार एरवी गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. मित्राची रायफल सहज हाती घेण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

अर्ज याच वर्षी, आणि गुण नसलेल्या राज्यांतही भरावा. ज्याचा नंबर लागला आहे अशा ओळखीच्या शिकाऱ्यासोबत ओझेवाला म्हणून जावे. नर निवडताना तो किती वेळा ‘नको’ म्हणतो, ते पाहावे. काही राज्यांत मेंढ्यांच्या गणनेसाठी किंवा त्यांना पकडून दुसरीकडे हलवण्यासाठी स्वयंसेवक लागतात.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे बहुतेक जण पाहतही नाहीत. कोलोरॅडो, नेवाडासारखी राज्ये काही भागांत मादीचे टॅगही देतात, कारण कळपात दाटी झाली की रोग पसरण्याचा धोका वाढतो. डोंगर तोच, चढण तीच आणि मांसही तसेच. मादीची शिंगे वीतभर आणि बारीक असतात. भिंतीवर टांगण्याजोगे त्यात काही नसते. त्यामुळे त्या सोडतीत अर्जही कमी येतात.