कायम की तात्पुरतं?

नाशिकजवळचं ओझर म्हटलं की आठवतो विमानांचा कारखाना. 'मिग-२१' विमानं बांधण्यासाठी तो १९६४ साली स्थापन झाला. पुढे तिथे 'सुखोई-३०'ही तयार झाली. आज याच ओझरमधून आपण इंग्रजीच्या वर्तमानकाळात शिरू या.

समजा, ओझरच्या एका मुलीला तोंडी परीक्षेत विचारलं, "तुझे वडील काय करतात?" तिचे बाबा वीस वर्षं या कारखान्यात कामाला आहेत. त्या 'आहेत'साठी ती चटकन 'इज' घालते आणि म्हणते, "माय फादर इज वर्किंग इन अ फॅक्टरी." ऐकणाऱ्याला वाटेल, बाबा सध्या तिथे आहेत, पुढचं काही सांगता येत नाही! बघा, एका 'आयएनजी'पायी बाबांची पक्की नोकरी तात्पुरती झाली की नाही? म्हणून म्हणायचं, "माय फादर वर्क्स इन अ फॅक्टरी."

पण या आठवड्यात बाबांना रात्रपाळी असेल तर? तेव्हा मात्र "ही इज वर्किंग नाइट्स धिस वीक." नोकरी कायमची, पाळी तात्पुरती!

म्हणजे साधा वर्तमानकाळ नेहमीच्या गोष्टींसाठी, चालू वर्तमानकाळ आत्ताच्या किंवा थोड्या दिवसांच्या गोष्टींसाठी. मराठी क्रियापदाचं रूप बघून इंग्रजी रूप ठरवू नका, फसाल. "आई, खेळायला जातो गं!" असं ओरडत तुम्ही चपला घालता. मराठीत 'जातो', पण निघालात आत्ता! म्हणून इंग्रजीत "आय ॲम गोइंग आउट टू प्ले." "आय गो आउट टू प्ले" म्हटलंत, तर ती तुमची रोजची सवय झाली.

आता एक गंमत. 'नो', 'वाँट', 'लाइक', 'अंडरस्टँड' ही मंडळी सहसा 'आयएनजी'ची टोपी घालत नाहीत. "मला समजतंय" म्हणजे "आय अंडरस्टँड." 'आपल्याजवळ असणे' या अर्थाचं 'हॅव'ही तसंच. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणू नका. भाऊ काय चार दिवसांसाठी आणलेत? "आय हॅव टू ब्रदर्स." मात्र 'हॅव'चा अर्थ खाणे असेल, तर "आय ॲम हॅविंग लंच" अगदी बरोबर.

आई-बाबांनो, मूल अडलं तर लगेच उत्तर सांगू नका. एवढंच विचारा, "नेहमी की आत्ता?"

आता ही वाक्यं इंग्रजीत करा :

१) निफाड तालुक्यात द्राक्षं पिकतात.
२) हळू बोल, बाळ झोपलंय.
३) मावशी नाशिकला राहते, पण या महिन्यात ती आमच्याकडे राहतेय.

क्रियापदांची उत्तरं (आधी झाकून ठेवा हं!) : १) ग्रो २) इज स्लीपिंग ३) लिव्ह्ज, इज स्टेइंग.

दुसऱ्या वाक्यात 'झोपलंय' बघून कोण कोण फसलं?