पसारा आवरायचा तर कागदांपासून

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या जामनेरमध्ये कितीतरी मुस्लिम घरांत शोधाशोध सुरू होते. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते, कपाटातल्या साड्यांखाली हात जातात, गव्हाच्या कोठीमागची पिशवी निघते. शोध असतो दादांच्या शाळेच्या दाखल्याचा. पोराला किंवा पोरीला इंजिनिअरिंगला ओबीसी प्रवर्गातून प्रवेश हवा असतो, त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि मुदत तोंडावर आलेली असते. कागद घरातच असतो, पण सापडत नाही.

पसारा म्हटलं की आपल्याला विस्कटलेली खोली दिसते. माझ्या मते आपल्या घरांत खरा प्रश्न दिसण्याचा नाही. हवी ती वस्तू हव्या त्या दिवशी हाताला लागते का, हा प्रश्न आहे.

आवरण्याची फॅशन आता जगभर आहे. जपानच्या मेरी कोंडोने सांगितलं की जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो तीच ठेवा, बाकीच्यांना निरोप द्या. 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर तिचा कार्यक्रम आला आणि तिची पद्धत आपल्याकडेही पोहोचली. पण टाकून दिलेली वस्तू पुन्हा विकत घेता येईल याची खात्री असलेल्यांचं ते शास्त्र आहे. आमच्या पिंजारी घरात जुन्या गादीचा कापूस कधी टाकला गेला नाही, तो पुन्हा पिंजून नव्या गादीत गेला. ‘उद्या कामाला येईल’ म्हणून डबा, दोरी, बारदान जपणाऱ्या आजीला आळशी म्हणता येत नाही. हातात पैसा नसताना वस्तू हीच तिची बचत होती. आणि खुद्द कोंडोनेही तिसऱ्या बाळानंतर, 2023 मध्ये, घर आधीसारखं नीटनेटकं ठेवणं जमत नाही असं मोकळेपणाने सांगितलं. तेव्हा तरुण सुनांनी रील्समधली पांढरीशुभ्र घरं पाहून स्वतःला कोसत बसू नये.

दुसरा मुद्दा पुरुषांसाठी आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, तर ते काम करणारे पुरुष 88 मिनिटं. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख होतं, ते कोणाच्या कंबरेच्या जोरावर होतं हे आपल्याला माहीत आहे. ‘आवरायला प्रेरणा मिळत नाही’ ही तक्रार बहुतेकदा मुलगे करतात. अम्मीला प्रेरणेची वाट पाहण्याची सोय कधी मिळालीच नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की भांडी-कपड्यांचा पसारा एकदम हातात घेऊ नका. कागदांपासून सुरू करा, आणि हे काम घरातल्या मुलग्यांनी करावं. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात जात पडताळणीत मानीव दिनांकाच्या आधीच्या पुराव्याला मोठं वजन असतं. ओबीसींसाठी हा दिनांक 13 ऑक्टोबर 1967 आहे. मन्सुरी-पिंजारी, बागवान, मण्यार, कुरेशी असे आपल्यातले अनेक समाज यात येतात. छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, आणि तडवी भिल्लांसारख्या अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950. त्यात आपली एक खास अडचण अशी की कित्येक जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. अशा वेळी दादांचा किंवा चुलत दादांचा ज्यावर ‘पिंजारी’ लिहिलं आहे असा एखादा कागद, व्यवसायाची एखादी पावती, एखादं खरेदीखत फार मोलाचं ठरतं. आणि नेमका तोच कागद रद्दीत जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण तो जुना, फाटका आणि कोणालाच न वाचता येणारा असतो.

काम कसं करायचं? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मोठं काम एका बैठकीत करत नाही, छोटे तुकडे पाडतो. इथेही दर जुम्याला अर्धा तास, एकच पिशवी. घड्याळ लावा, वेळ संपली की थांबा. तीन ढीग करा: सरकारी कागद, आठवणी, रद्दी. शंका आली तर तो कागद रद्दीत टाकू नका. घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी फाईल करा आणि पहिली फाईल बायकांची करा. लग्नानंतर नाव बदलतं, शाळेचा दाखला माहेरी राहतो, निकाहनामा तिसरीकडेच असतो. जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून भाभीचे पुरावेही तिच्या माहेरच्या पेटीत असतात. तिथूनही ते मागवून घ्या.

प्रत्येक कागदाचा फोटो काढून फाईलला नाव, कागद आणि वर्ष द्या. एक प्रत मोबाईलबाहेर, दुसऱ्या घरी पेन ड्राइव्हवर ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. पेटी जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर असू द्या, वाळवीचा धोका कमी होतो. मृग लागण्याआधी हे उरकलं तर उत्तम. नावांची स्पेलिंगं जुळवून पाहा. एकाच माणसाचा शेख तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेला सापडेल, आणि तो गोंधळ शांतपणे सोडवायला आज वेळ आहे. घरात काहीच सापडलं नाही तर शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून गावच्या जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल मागता येते.

एक गोष्ट मात्र थांबणार नाही. जुने उर्दू हस्ताक्षर वाचणारी माणसं आता थोडी उरलीत. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी कितीजणांना ते येतं? नानींना शेजारी बसवून कागद वाचून घ्या, त्या सांगतील तसं मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

एका घराचं झालं की शेजारच्या घरी जा. मोहल्ल्यातल्या चार पोरांनी रविवारी एक टेबल मांडलं, एक स्कॅनर आणला, तर निकालानंतरची धावपळ निम्म्याने कमी होईल. स्वयंपाकघरातला माळा त्यानंतर बघू, तोही पोरांनीच आवरायचा.