सातबारावर नसलेली सावली

नंदनवन म्हणजे इंद्राची बाग, असं पोथ्या सांगतात. आमच्या नंदनवनात टिनाची छपरं आहेत, नाली आहे, आणि खेड्यातून पोटामागं आलेली माणसं आहेत. त्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून झाडांची नावं माणसांसारखी घेतात. धुऱ्यावरचा थोरला मोह. विहिरीजवळची चिंच. मालगुजाराचा आंबा. मालगुजारी १९५१ साली गेली, सातबारा उरला. आता झाडंही चालली.

दोस्तहो, हे रडगाणं नाही, हिशेब आहे. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून आपल्या देशातल्या शेतांमधली झाडं मोजली. २०२४ साली ते छापून आलं. २०१०-११ साली दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी ११ टक्के २०१८ पर्यंत गायब. २०१८ ते २०२२ मध्ये ५० लाखांवर मोठी झाडं गेली. जंगलातली नव्हे, शेतातली! ट्रॅक्टर वळायला आड येतं, सावलीनं पीक दबतं, पोरीच्या लग्नाला पैसा लागतो, झाड जातं. कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्याला आम्ही शिव्या देणार नाही.

पण पैसा कुणाच्या हातात पडतो? सातबारावर ज्याचं नाव, त्याच्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडाची वेगळी किंमत काढतात, तीही त्यालाच. त्याच कायद्यात तीन वर्षं राबलेल्या शेतमजुराचं कुटुंब बाधित धरलंय. पण धुऱ्यावरच्या मोहाखाली पहाटे अंधारात फुलं वेचणारी आमची माय झाडाच्या पंचनाम्यात कुठं आहे? फुलं वाळवून ती विकायची, बियांचं तेल काढायची. वाळक्या फांद्यांवर चूल पेटायची. निंदण करताना लेकराची झोळी त्याच फांदीला, दुपारची भाकर त्याच बुडाशी. एका करवतीत सगळं आडवं. कागदावर मात्र फक्त मालकाचं लाकूड पडतं. गोदीत पेटी पडली की आधी मालाची यादी होते, ज्याच्या पायावर पडली त्याचं नाव शेवटी. तसंच हे.

२०२१ साली अजनीच्या झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणताच नागपूरकर रस्त्यावर आले. बरोबरच केलं. त्याच वर्षी सरकारनं ५० वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' म्हटलं, पण शहरातल्या. खेड्यातल्या मोहाच्या वाट्याला १९६४ चा कायदा, ज्यानं विनापरवाना तोडीला दंड लावला १००० रुपयांपर्यंतचा. ठेकेदाराच्या चहापाण्याचा खर्च!

झाडाचं आम्हाला भाबडं कौतुक नाही. १९१७ साली बडोद्यात जातीपायी बाबासाहेबांना मुक्कामाबाहेर काढलं, तेव्हा कमाठीबागेत जाऊन बसावं लागलं. आणि २०१४ साली खर्ड्याला आपल्या शाळकरी पोराचं प्रेत झाडालाच लटकलेलं सापडलं. फांदीचा दोष नाही. फांदीवर हुकूम कुणाचा चालतो, हा सवाल आहे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. तोडीची परवानगी देण्याआधी ग्रामसभेत विचारा, या झाडाखाली कोण वेचतं, कोण बसतं, कुणाची चूल यावर पेटते. ती नावं पंचनाम्यात चढवा. किमतीत त्यांचा वाटा काढा. जीवच्या जीव उपटायचा आणि दोन रोपांचा फोटो छापायचा, हे धंदे बंद करा.

मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात पडतात. अर्ज त्याआधी तहसिलीत पोचले पाहिजेत. ज्यांच्या आया-आज्या गावात अजून वेचतात, त्यांनी गाव, धुरा, झाड आणि वेचणारीचं नाव लिहून अंकाच्या पत्त्यावर धाडा. कोऱ्या कागदावर चालेल. लिहिता येत नसेल तर नंदनवनात या, आम्ही लिहून घेऊ.