संगणकावर मावले, घरात मावेना

धाकटीने ‘स्वीट होम थ्रीडी’ या मोफत सॉफ्टवेअरवर स्वयंपाकघर आखले. अम्मी खूश, भाईजानने दुबईहून पैसे धाडले. पण ग्रॅनाइट कापून आले ते दीड फूट लांब!

इंजिनीअरच्या कागदावर ९ फूट ६ इंच होते, ते बाहेरून बाहेर, दोन्हीकडच्या ९-९ इंची भिंती धरून. आत ८ फूटच. नकाशाचा फोटो घेताना सॉफ्टवेअर त्यावर रेघ मारायला लावते आणि तिची खरी लांबी विचारते. पोरीने रेघ आतली मारली, आकडा बाहेरचा भरला. भगिनींनो, ती भिंत आधी आतून टेपने मोजा. वीटकाम नाही, गिलावा झाल्यावर.

खोलीचे साधन निवडून आत दोनदा क्लिक केले तरी फरशी येत नाही? भिंतींचा एखादा कोपरा सुटलाय. झूम करून जोडा.