सोन्याच्या विटांचा हिशेब लागला, माणसांचा?

14 एप्रिल हा आपला जयंतीचा दिवस. याच तारखेला, 1944 साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले, हे आमच्या तरुणांना क्वचितच ठाऊक असते. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि शेजारी कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. सुमारे 80 हजार लोक बेघर झाले.

त्याच जहाजावर सोन्याच्या विटांच्या 31 पेट्या होत्या. विटा दूरवर उडाल्या. गोदीच्या गाळातून त्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. त्यांची मोजदाद होती. माणसांची मात्र नाही. मृतांचा आकडा कुणी 800 सांगतो, कुणी 1,300. याचे एक कारण उघड आहे. टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर आलेल्या हमालाची नोंद ठेवायची कुणी?

आता त्याच्या घराचा विचार करा. बायकामुले वाचली, पण घर जळाले आणि कर्ता परतलाच नाही. देह नाही, म्हणून दाखला नाही. माणूस सात वर्षे बेपत्ता असेल तरच तो मृत मानावा, असे पुरावा कायदा सांगतो. परिस्थितीजन्य पुराव्यावरून मृत्यू त्याआधीही सिद्ध करता येतो. पण त्यासाठी कोर्ट आले, वकील आला, खर्च आला.

त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धात जखमी होणाऱ्या कामगाराच्या भरपाईसाठी मालकावर विम्याची सक्ती करणारे विधेयक त्यांनी 1943 मध्येच मांडले होते. मजुराच्या जिवाची जबाबदारी दयेवर नव्हे, कायद्यावर ठेवायची, हा त्यामागचा विचार.

ऐंशी वर्षांनंतर चित्र किती बदलले? 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा अवशेषांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. आमच्या सोलापुरात 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोडवरील टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाच्या आणि कामगाराच्या घरातील मिळून आठ जीव गेले. आगीने मालक-मजूर भेद केला नाही. भेद सुरू होतो तो नंतर, कागदावर.

कोर्टात आम्ही हेच पाहतो. अशा दाव्यात पहिला वाद मृत्यूचा नसतो, नोकरीचा असतो. 'हा आमचा कामगार नव्हताच' एवढे एक वाक्य विधवेला वर्षानुवर्षे तारखा घ्यायला लावते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत नियुक्तीपत्राची तरतूद आहे. पण मागितल्याशिवाय ते मिळेल, या भ्रमात कुणी राहू नये.

म्हणून आमचे मंडळांना सांगणे आहे. जयंतीच्या मंडपात एक टेबल कागदपत्रांसाठी लावा. वस्तीतला कोण कुठे कामाला जातो, त्याची वही करा. नियुक्तीपत्र, पगारपावती, ईएसआय कार्ड यांच्या प्रती घरी ठेवायला सांगा. आणि आयाबहिणींना बजावा: अपघातानंतर मालकाने हातावर ठेवलेल्या पैशांसाठी कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. मृत्यूची भरपाई कायद्याने सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते.

सोन्याच्या विटेची नोंद होती, म्हणून ती गाळातूनही परत आली. आपल्या माणसाची नोंद आपणच ठेवली पाहिजे.