मुलाखत योग्यतेची की घराण्याची?

२०२५ च्या मार्चमध्ये साऱ्या देशाचे लक्ष खुलताबादच्या एका कबरीकडे वळले. वाहिन्यांचे कॅमेरे आले, पुढाऱ्यांची भाषणे झाली, बंदोबस्त बसला आणि त्या वादाच्या ठिणगीने दूर नागपुरात दंगल पेटली. १७०७ साली मरण पावलेल्या बादशहाची एवढी चिंता वाहणाऱ्यांपैकी कोणालाही याच तालुक्यातल्या जिवंत तरुणांची आठवण झाली नाही. कोणी आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन, कोणी पदवी घेऊन वाळूजच्या, चिकलठाण्याच्या, शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दाराशी उभा राहतो आणि एक वाक्य ऐकून परततो : ‘तुम्हाला स्वतःला नीट मांडता येत नाही.’

या एका वाक्यावर आता एक धंदाच उभा राहिला आहे. शहराच्या गल्लोगल्ली व्यक्तिमत्त्व विकासाचे आणि फाडफाड इंग्रजीचे वर्ग निघाले आहेत. खुर्चीत कसे बसावे, हात कसा मिळवावा, ‘तुमचा दोष सांगा’ म्हटल्यावर दोषाच्या नावाखाली गुणच कसा सांगावा, याचे धडे तिथे रोख पैसे घेऊन दिले जातात. यातले काही उपयोगी नाही असे नाही. प्रश्न नीट ऐकून घ्यावा, आपण केलेले काम उदाहरणासह सांगावे, येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणावे, हे कोणालाही शिकण्याजोगे आहे. परंतु या शिकवणीच्या पोटात एक विषारी गृहीतक दडलेले असते. नोकरी मिळाली नाही, तर दोष नोकऱ्यांच्या टंचाईचा नाही, निवड करणाऱ्याचा नाही, शाळेचा नाही. दोष उमेदवाराच्या उभे राहण्यात आणि उच्चारात आहे, असे ते गृहीतक. बेकारी ही समाजाची व्याधी न राहता तरुणाची वैयक्तिक उणीव ठरते. राज्यकर्त्यांना आणि मालकांना याहून सोयीचे तत्त्वज्ञान दुसरे कोणते मिळणार?

मुलाखतीत नेमके मोजले काय जाते, हे तपासून पाहावे. ज्याच्या घरी साहेबांची ऊठबस आहे, त्याला साहेबासमोर बसण्याचे भय वाटत नाही. ज्याचे वडील आयुष्यभर तहसील कचेरीच्या पायरीवर हात जोडून उभे राहिले, त्याच्या मुलाचा हात बंद दारामागच्या खोलीत शिरताना थरथरतो. घरात दखनी बोलणारी खुलताबादची मुलगी किंवा म्हैसमाळच्या उतारावर गुरे राखून शिकलेला मुलगा यांच्या भाषेत अडखळणे असेल, पण त्यांच्या ज्ञानात ते असेलच असे नाही. दहा मिनिटांच्या भेटीत परीक्षकाला ‘आत्मविश्वास’ म्हणून जे दिसते, ते पुष्कळदा पिढीजात सुस्थितीचे तेज असते. त्यालाच योग्यता म्हटले, की वारसाहक्काला गुणवत्तेचा शिक्का मिळतो.

ही केवळ चळवळीतल्या माणसांची ओरड नव्हे. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८० च्या नोव्हेंबरात हेच दुखणे उघड केले. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई आणि त्यातही आईवडील कोण, राहणे कुठे, असेच विचारले गेल्याची तक्रार होती. मुलाखतीला शेकडा १५ हून अधिक गुण ठेवणे मनमानीचे आहे, असे न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, असेही सुचवले. झालेले प्रवेश मात्र रद्द झाले नाहीत. वेळ निघून गेली होती. पुढे १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणाच्या नागरी सेवेतील तोंडी परीक्षेचा भारही न्यायालयाने अवाजवी ठरवला. तो सर्वसाधारण उमेदवारांसाठी शेकडा २२.२ आणि माजी सैनिकांसाठी ३३.३ इतका होता.

२०१६ च्या जानेवारीपासून केंद्र शासनाने गट ‘क’च्या आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. म्हणजे मुलाखतीवाचूनही कारभार चालतो, हे शासनानेच मान्य केले. परंतु जिथे मुलाखत उरली, तिथे तिचे दात शाबूत आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण आजही मुलाखतीचे आहेत, आणि जिथे एकेका गुणाने माणूस वर किंवा खाली जातो, तिथे हे २७५ गुण कमी नव्हेत. विद्यापीठांतल्या राखीव जागांवर ‘सुयोग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारण्याची सोय तर मुलाखतीच्या बंद दारामुळेच मिळते. खाजगी कारखान्याला ना त्या निकालांचे बंधन, ना कारण देण्याची सक्ती.

मग या तरुणांना बोलते करण्याची जबाबदारी कोणाची होती? इथे शाळेच्या दाराशी जावे लागते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांच्याबरोबर ‘तोंडीकाम’ स्पष्ट लिहिलेले आहे. मुलाने वर्गात उठून आपले म्हणणे मांडावे, शिक्षकाने ते ऐकावे, कुठे अडले ते पाहून पुन्हा शिकवावे, हा त्यामागचा उदात्त हेतू. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्याचा रकाना झाला. अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली वाकलेला शिक्षक वर्षाअखेरीस वर्णनात्मक नोंदी एकसारख्या उतरवून काढतो, आणि मूल मात्र आठ वर्षे मुकेच राहते.

दहावीला तर या रोगाने सोंगच पालटले. तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेनेच द्यायचे. ते देताना कोणाचा हात आखडत नाही. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात भाषा विषयांचे हे गुण बंद झाले. मार्च २०१८ च्या परीक्षेचा निकाल शेकडा ८९.४१ होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पण गदारोळ झाला तो वीस गुणांवरून. शासनाने ते गुण परत आणले आणि २०२० चा निकाल ९५.३० वर गेला. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे जमेस धरूनही या आकड्यांचा अर्थ लपत नाही. निकाल घसरला तेव्हा मुलांना बोलता, वाचता, लिहिता येते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही; आकडा वर कसा जाईल, एवढेच पाहिले गेले. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचेच जे. पी. नाईक होते, १९६६ सालीच सांगितले होते की शाळेचे अंतर्गत मूल्यमापन आणि बाहेरील परीक्षेचा निकाल वेगवेगळे दाखवावेत. त्यांची बेरीज करून आपण दोहोंचाही अर्थ घालवला. ज्या मुलाला शाळेने न बोलताच तोंडीचे पूर्ण गुण दिले, त्यालाच पाच वर्षांनी कारखान्याचा अधिकारी ‘बोलता येत नाही’ म्हणून घरी पाठवतो. शाळेने केलेल्या फसवणुकीचे बिल मुलाच्या नावावर फाटते.

यावर काहींचे उत्तर तयार असते : तोंडी काहीच नको, सारे लेखी ठेवा. हा भाबडेपणा आहे. शिक्षक पात्रता परीक्षा लेखीच होती. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढच्या वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारासाठी अपात्र ठरले. शिवाय लेखी परीक्षेच्या वाटेवर महागड्या शिकवण्यांचा जकातनाका उभाच आहे. रोग तोंडी किंवा लेखी या प्रकारात नाही. काय तपासायचे हे न ठरवता, दार लावून, आपल्या मर्जीने तपासण्यात तो आहे. गावोगावचे स्वयंसेवक ‘असर’च्या पाहणीत मुलाला एक साधा परिच्छेद मोठ्याने वाचायला देतात. तीही तोंडी परीक्षाच. पण मजकूर ठरलेला, कसोटी उघड, आणि मुलाचा बाप कोण हे विचारण्याचे कारण नाही. फिटरच्या हाती कानस आणि मोजमापाचे साधन द्यावे, शिक्षकाला मुलांपुढे पाठ घ्यायला सांगावे, कारकुनाकडून अर्जाचे उत्तर लिहून घ्यावे. माणसाची परीक्षा कामाने व्हावी.

खुलताबादच्या मातीने हे सत्य चारशे वर्षे जपले आहे. तिथेच मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला, अनेकदा विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्याने खडकी वसवली, जमीन महसुलाची घडी बसवली आणि मोगलांना दख्खनेत झुंजवले. त्याचे मोल रणांगणावर आणि जमाबंदीत ठरले. त्याला आजच्या निवड मंडळासमोर बसवले असते, तर वर्ण, उच्चार आणि कुळ पाहून तिसऱ्या मिनिटाला ‘कळवू’ म्हणून बाहेर काढले असते.

म्हणून चळवळीच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. मुलाखत जिथे असेल तिथे तिचा भार न्यायालयाने घातलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, तेही कामाशी संबंधित, प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे गुण लिहावेत, मुद्रण व्हावे, नाकारलेल्याला कारण लेखी मिळावे, मराठीत आणि उर्दूत उत्तर देण्याचा हक्क असावा. शासकीय सवलती आणि जमिनी घेणाऱ्या कारखान्यांना हे नियम अटी म्हणून लागू करावेत. दहावीच्या गुणपत्रिकेत शाळेचे आणि मंडळाचे गुण स्वतंत्र रकान्यांत छापावेत. आणि तोंडीकामासाठी वर्ग लहान व शिक्षक मोकळा असला पाहिजे; त्यावाचून मूल्यमापनाची सारी परिपत्रके रद्दी आहेत.

शासन ऐकेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वाचनालयात, समाजमंदिरात, शाळेच्या व्हरांड्यात आठवड्यातून एक संध्याकाळ बेकार तरुणांसाठी काढावी. अर्ज लिहिणे, केलेले काम सांगणे, उलट प्रश्न विचारणे, पगार आणि कामाचे तास याविषयी न लाजता बोलणे, याचा सराव तिथे फुकट व्हावा. शाळा व्यवस्थापन समितीत बसून मुलांच्या नोंदवह्या उघडायला लावाव्यात. हा सराव साहेबाला खूष करण्यासाठी नाही. जो तरुण मुलाखतीच्या खोलीत मान वर करून बोलायला शिकेल, तोच उद्या कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामसभेत बोलेल. आणि ज्यांना त्याचे मुकेपण सोयीचे आहे, त्यांना भीती आहे ती नेमकी याचीच.